गाणाऱ्याने आधी ऐकायला जावं

नमस्कार मंडळी. विषय दिलाय व्हर्च्युअल जगातल्या कार्यक्रमांची प्रसिद्धी, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत असेल की आता ही बाई पोस्टर कसं बनवायचं, कुठे कुठे टाकायचं ते सांगणार. पोस्टरबद्दल बोलेन, पण अगदी शेवटी, कारण इतकी वर्षं तिथे गाऊन माझं मत असं झालंय की त्याचा नंबर खरंच शेवटचा आहे.

सेकंड लाइफ म्हणजे इंटरनेटवरचं एक व्हर्च्युअल जग, तिथला माझा पहिला कार्यक्रम सांगते. दोन आठवडे आधीपासून मी सोशल मीडियावर रोज पोस्ट टाकत होते, ओळखीच्या प्रत्येकाला मेसेज केला होता, सगळे म्हणाले येतो येतो. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा समोर तीन अवतार, म्हणजे त्या जगात माणसांच्या वतीने वावरणाऱ्या आकृत्या. एक त्या जागेची मालकीण, दुसरी होस्ट म्हणजे आलेल्यांचं स्वागत करणारी, आणि तिसरा एकटाच खरा श्रोता. येतो म्हणणाऱ्यांनी फसवलं असं नाही हं, ते बिचारे प्रामाणिकपणे प्रयत्न करत होते! पण अकाउंट उघडा, व्ह्यूअर म्हणजे ते जग दाखवणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, अवतार निवडा, मग नवीन माणूस जिथे उतरतो तिथून चालायला शिका, आवाज का येत नाही ते शोधा, एवढं सगळं होईपर्यंत माझं शेवटचं गाणं चालू होतं. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि आजचं सगळं बोलणं त्याच एका गोष्टीवर आहे. त्या जगातला श्रोता त्या जगातच राहतो. बाहेर कितीही ओरडलात तरी तो तिथे ऐकू येत नाही, आणि बाहेरचा माणूस एका गाण्यासाठी एवढी खटपट करून आत येत नाही. आपल्याला जायचंय तिथे जिथे लोक आधीच बसलेत.

आता कोणीतरी विचारेल की मग फोर्टनाइट या ऑनलाइन गेममधल्या कार्यक्रमांना एवढी गर्दी कशी झाली. बरोबर आहे, एप्रिल 2020 मध्ये रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला तेव्हा पहिल्याच खेळाला एकाच वेळी 1 कोटी 23 लाख खेळाडू हजर होते असा कंपनीचा आकडा आहे, त्याआधी फेब्रुवारी 2019 मध्ये डीजे मार्शमेलोच्या वेळीही कोटीच्या वर लोक होते. पण नीट बघा, ते लोक आधीच त्या गेममध्ये रोज येत होते, जाहिरात गेमच्या आतही दिसत होती, आणि एवढे कोटी लोक एका मैदानात नव्हतेच, त्याच मैदानाच्या ढीगभर प्रती केलेल्या होत्या आणि प्रत्येक प्रतीत थोडे थोडे लोक. आणि तो कार्यक्रम आधीच तयार करून ठेवलेला होता, समोर कोणी त्या क्षणी गात नव्हतं. त्यातून आपल्या उपयोगाची एकच गोष्ट मी घेते, ती म्हणजे त्यांनी तो खेळ तीन दिवसांत पाच वेळा लावला, वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांना सोयीच्या वेळी. त्यावर मी परत येते.

आपलं गणित फार छोटं आहे आणि ते छोटं असणंच चांगलं आहे असं माझं म्हणणं आहे. सेकंड लाइफ 2003 पासून चालू आहे, 2006 मध्ये अमेरिकन गायिका सुझॅन व्हेगा तिथे अवतार घेऊन गायली, 2007 मध्ये रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने तिथे वाजवलं, पण इतक्या वर्षांनीसुद्धा एका रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या जमिनीच्या एका चौकोनात, मावणारे अवतार मोजकेच, रीजनच्या प्रकाराप्रमाणे साधारण चाळीस ते शंभरच्या घरात. त्याच्या पुढे गेलं की लॅग येतो, कपडे लोड होत नाहीत, लोक करडे दिसतात, नाचणारे अडखळतात. म्हणजे तुमचा हॉल चाळीस माणसांत भरतो! चाळीस माणसांसाठी जाहिरात मोहीम कशाला लागते हो, चाळीस माणसांची नावं पाठ होतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं, गायच्या आधी महिनाभर नुसतं ऐकायला जा. सेकंड लाइफच्या सर्चमध्ये इव्हेंट्सचा भाग आहे, त्यात लाइव्ह म्युझिकचा वेगळा प्रकार आहे, तिथे दिवसाचे कार्यक्रम वेळेप्रमाणे लागलेले असतात. रोज एक निवडा, जा, बसा, लोकल चॅटमध्ये, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना दिसणाऱ्या चॅटमध्ये, दोन शब्द लिहा. गाणाऱ्याला काय आवडलं ते नेमकं सांगा, नुसतं छान छान नको. टिप जारमध्ये जमेल तेवढे लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, टाका. हे करताना आपल्या कार्यक्रमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. दुसऱ्याच्या मैफिलीत उभं राहून चॅटमध्ये आपली लिंक टाकणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचं नाव त्या गल्लीत कायमचं खराब होतं. न मागता जाहिरात वाटणं तिथल्या नियमांतही बसत नाही, पण नियमापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते माणसांना टोचतं.

महिन्याभरात काय होतं सांगते. तुम्हाला कळतं की सात-आठ जागा आहेत आणि त्यांत तेच तेच साठ-सत्तर लोक फिरत असतात, सोमवारी इथे, मंगळवारी तिथे. कोणती होस्ट आल्या आल्या प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करते ते कळतं. होस्ट हा माणूस फार महत्त्वाचा आहे, आपण कलाकार मंडळी त्याच्याकडे फार दुर्लक्ष करतो. ती संध्याकाळभर आपल्या मित्रयादीतल्या लोकांना एकेक करून बोलावत असते, टेलिपोर्ट, म्हणजे एका क्लिकमध्ये तिथे आणणारं आमंत्रण, पाठवत असते. जागा निवडताना मी सजावट, स्टेज, दिवे बघत नाही, होस्ट बघते. देखणं स्टेज आणि झोपलेली होस्ट यापेक्षा साधी लाकडी फळी आणि जागी होस्ट कधीही परवडली.

आणि हो, तुम्ही बसलेले असता तेव्हा लोक तुमच्यावर क्लिक करतात. बाहेरच्या जगात शेजारच्या खुर्चीतला माणूस कोण ते आपल्याला कळत नाही, इथे एका क्लिकमध्ये प्रोफाइल उघडतं, आणि गाणं ऐकता ऐकता लोक एकमेकांची प्रोफाइलं वाचत बसतात, ही तिथली सवयच आहे. मग तुमच्या प्रोफाइलमध्ये काय लिहिलंय? बऱ्याच गायकांच्या प्रोफाइलमध्ये लांबलचक चरित्र असतं, कुठे शिकलो, कोणाकडे शिकलो. ते खाली न्या. वर तीन ओळी, काय गाता, पुढचा कार्यक्रम कधी, कुठे. प्रोफाइलमधल्या पिक्स या आवडत्या जागांच्या भागात जिथे नेहमी गाता ती जागा लावा म्हणजे वाचणारा तिथूनच थेट टेलिपोर्ट होऊ शकतो. आणि दर आठवड्याला बदला, कारण मागच्या वर्षीची तारीख दिसली की माणूस समजतो की यांनी गाणं सोडलं.

आता ग्रुप. स्वतःचा ग्रुप काढा, पण एक लक्षात घ्या की तिथे प्रत्येकाला ग्रुपच्या जागा मोजून मिळतात, मोफत अकाउंटवाल्याला तर अजून कमी, म्हणजे कोणी तुमच्या ग्रुपमध्ये येतो तेव्हा त्याने दुसरा कुठला तरी ग्रुप सोडलेला असू शकतो. ही केवढी मोठी गोष्ट आहे! त्याची किंमत राखा. रोज तीन तीन नोटिसा पाठवल्यात तर तो निघून जाणार आणि जायलाच हवा. मी कार्यक्रमाला एक नोटीस पाठवते, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, बस. आदल्या दिवशी पाठवलेली नोटीस वाचली जाते आणि विसरली जाते. नोटिशीला एकच वस्तू जोडता येते, आणि बरेच जण तिथे पोस्टरचं चित्र जोडतात, तिथेच चुकतं. लँडमार्क, म्हणजे त्या जागेचा पत्ता, जोडा. चित्र बघून माणूस म्हणतो वा, आणि बंद करतो. लँडमार्कवर एक क्लिक केलं की तो तुमच्यासमोर उभा असतो. ज्यांच्याकडे ग्रुपची जागाच उरली नाही त्यांच्यासाठी सबस्क्राइबर नावाची पेटी मिळते, तिला हात लावला की नाव नोंदलं जातं आणि ग्रुपची जागा खर्च होत नाही, ती स्टेजशेजारी ठेवाच.

ग्रुपचं टायटल हीपण दुर्लक्षित गोष्ट आहे. अवतारच्या डोक्यावर नावासोबत ते तरंगत असतं. तुमच्या श्रोत्यांनी ते प्रेमाने लावलं आणि ते दुसरीकडे नाचायला गेले तर तिथले लोक विचारतात हे काय आहे. मग ते टायटल असं ठेवा की लावायला माणसाला आवडेल. अमक्या गायकाचा फॅन असं कशाला, तुमच्या गाण्याच्या मूडचा एखादा छोटा शब्द ठेवा.

वेळेचं बोलते, यात मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलेय म्हणून जरा सविस्तर. सेकंड लाइफचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतं आणि सगळ्या जाहिराती त्याच वेळेत लिहितात. तोपर्यंत ठीक. पण मार्च महिन्यात अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे दोघांमधलं अंतर एक तासाने कमी असतं, आणि ज्या देशांत घड्याळं बदलतच नाहीत त्यांचं अजून वेगळं. युरोपातला जो श्रोता दर रविवारी रात्री नऊला सवयीने यायचा तो त्या दिवसांत नऊला आला तेव्हा माझा कार्यक्रम संपला होता. मी रिकाम्या खुर्च्यांपुढे गायले आणि त्याला वाटलं मी आलेच नाही. शरद ऋतूत परत तेच, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, एक आठवड्याची गडबड. या आठवड्यांत मी आता प्रत्येक नियमित श्रोत्याला वेगळा निरोप पाठवते. आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लिहीत असाल तर तिथे टाइमस्टॅम्पची सोय आहे, ती वापरली की वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेत दिसतं, कोणाला वजाबाकी करावी लागत नाही. ट्रॅव्हिस स्कॉटचे पाच खेळ आठवा. आपल्याला पाच नाही जमणार, पण महिन्यातून एक कार्यक्रम जगाच्या दुसऱ्या बाजूच्या संध्याकाळी ठेवता येतो, आणि तिथे कलाकारांची गर्दी कमी असल्याने लोक खूप प्रेमाने ऐकतात.

पण खरी प्रसिद्धी होते ती गाताना, हे मला सगळ्यात आवर्जून सांगायचंय. तुमचा आवाज शाउटकास्ट किंवा आइसकास्ट या इंटरनेट रेडिओच्या सॉफ्टवेअरच्या स्ट्रीममधून जातो, त्या जमिनीच्या तुकड्याला त्या स्ट्रीमचा पत्ता लावलेला असतो आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो ऐकू येतो. मध्ये बफर असतो, म्हणजे आवाज थोडा साठवून मग वाजतो, त्यामुळे आवाज बरेच सेकंद उशिरा पोचतो, आणि प्रत्येकाकडे वेगवेगळा उशीर. गाणं संपलं की तुम्हाला शांतता दिसते, पोटात गोळा येतो, आणि तुम्ही पुढचं सुरू केल्यावर चॅटमध्ये टाळ्या यायला लागतात. नवीन कलाकार इथे घाबरतो, घाईघाईने पुढे जातो. थांबा. दोन गाण्यांच्या मध्ये बोला, चॅटमधली नावं वाचा, आत्ता कोण आलं, कोण खूप दिवसांनी दिसलं, मागच्या वेळी कोणी कुठलं गाणं मागितलं होतं. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात मी नाव आणि त्या माणसाचं आवडतं गाणं लिहून ठेवते. एकदा एक बाई चार महिन्यांनी आल्या, मी नाव घेऊन त्यांचं गाणं सुरू केलं, त्या काहीच बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात सहा जणांना घेऊन आल्या.

व्हीआरचॅट या दुसऱ्या व्हर्च्युअल जगात थोडं वेगळं आहे. तिथे एकाच जागेच्या अनेक प्रती एका वेळी चालतात, त्यांना इन्स्टन्स म्हणतात, म्हणून नुसतं जागेचं नाव सांगून चालत नाही, माणूस बरोबर जागी जातो पण भलत्याच प्रतीत एकटा उभा राहतो. ग्रुपचा इन्स्टन्स उघडा आणि त्याचीच लिंक द्या. आणि तिथली बरीच वस्ती डिस्कॉर्डवर जमते, तेव्हा आधी तिथल्या ओळखी. जागा भरून लोक बाहेर राहिले तर त्यांच्यासाठी ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर वगैरे तोच कार्यक्रम चालू ठेवा, पण दुसऱ्याची गाणी गात असाल तर परवान्याचं आधी बघा, कारण जागेच्या आत गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग कायमचं बाहेर ठेवणं या हक्काच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत.

हां, पोस्टर. लांबून वाचता येईल असं मोठं अक्षर, नाव, वार, वेळ, आणि हात लावला की लँडमार्क मिळेल अशी सोय. जागामालकाला विचारल्याशिवाय लावू नका. झालं.

मगाशी पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली होती, पाचच लोक आले तर काय करायचं. पूर्ण गा. ठरलेला सगळा तास गा, आणि संपल्यावर लगेच लॉगआउट करू नका, अर्धा तास तिथेच थांबा. माझ्या पहिल्या कार्यक्रमातला तो तिसरा अवतार सांगितला ना, तो गाणं संपल्यावर थांबला होता आणि मीही थांबले. तो दुसऱ्या एका जागेत दर गुरुवारी होस्टिंग करायचा. माझं पुढचं बुकिंग त्याने तिथल्या तिथे लिहून घेतलं.