मडकं उपडं, वास बाहेर

[दृश्य: संध्याकाळ. नारळी-पोफळीची वाडी. मागे कापणी झालेली भातखाचरं.]

जानेवारी अर्धा सरलाय. अलिबाग तालुक्यातली ही एक वाडी. ट्रंकेतले स्वेटर कालच बाहेर आलेत, त्यांना अजून डांबरगोळ्यांचा वास येतोय. कोकणातली थंडी ती केवढी, निफाडचा माणूस ऐकून हसेल. पण इथे थंडी अंशांत मोजतच नाहीत. वालाच्या शेंगेत दाणा भरला, की थंडी आली.

उरलेल्या महाराष्ट्राला पोपटी म्हटलं की रंग आठवतो, साडीचा नाहीतर भिंतीचा. रायगडात पोपटी 'लावतात'. मडक्यात शेंगा भरायच्या, मडकं उपडं घालायचं आणि वर जाळ करायचा. चुली घरात राहतात, भांडीकुंडीही घरातच. माणसं मात्र सगळी परसात.

[दृश्य: खाचराच्या बांधावरून चालणारे पाय. वालाचे वेल.]

या जेवणाचा बाजार लांब नाही, तो याच खाचरात भरलेला आहे. पावसाळ्यात इथे भात होतं. दिवाळीच्या आगेमागे ते कापलं, की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही. खालची ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर तो वाढतो. हाच वाल पुढे वाळला, की बिरड्यासाठी डब्यात जातो. पण त्याआधीचे हे पाच-सहा आठवडे पोपटीचे. शेंग कोवळी असेल तर आत नुसतं पाणी, जून झाली तर साल चामट. बोटांत धरून दाबायची. दाणा टचटचीत लागला पाहिजे आणि साल अजून हिरवी हवी.

आणि ही भांबुर्डी. हिला कुणी पेरत नाही. बांधावर, पडीक शेतात, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते. झेंडू-शेवंतीच्या कुळातलं हे रानटी झुडूप. पान चुरगळून नाकाशी धरलं, की ओवा आणि कापूर यांच्या अधेमधे कुठेतरी जाणारा उग्र वास. वर्षभर हिला तण म्हणून उपटतात. हिवाळ्यात मात्र हीच पोरांना शोधून आणायला सांगतात, आणि कमी पडली तर शेजारच्या बांधावर भांडण होईपर्यंत वेळ येते.

मीठ जाडंच लागतं. पेण-उरणच्या खाडीकाठची मिठागरं जवळ असल्यामुळे जाड्या मिठाची इथे कधी वाण नव्हती.

[दृश्य: अंगणात मडकं. भोवती चार-पाच जण. हात दिसतात, चेहरे अर्धे.]

आता भरणं. घरचं जुनं मडकं, काठाला टवका उडालेलं. तळाला भांबुर्डीचा जाडसा थर. त्यावर शेंगा. शेंगा धुतलेल्या, पण सोललेल्या नाहीत, दोराही काढलेला नाही. वर मूठभर मीठ, मूठभर ओवा. मग पुन्हा शेंगा. मधोमध अंडी, कवचासकट, कच्ची. सालीसकट बटाटे, रताळी, एखादा कांदा. आणि ज्यांच्या घरी चालते त्यांच्याकडे कोंबडी. आलं, लसूण, हळद, तिखट चोळून दुपारपासून मुरवत ठेवलेली. ती केळीच्या पानात गुंडाळून बांधायची, नाहीतर तिचा मसाला शेंगांना लागतो आणि शेंगांचा वास मरतो. इथल्या काकींचं याबद्दल मत पक्कं आहे: "कोंबडी पावनी हाय. शेंग घरची." आम्ही हे वाक्य तीनदा रेकॉर्ड केलं. तिन्ही वेळा त्यांनी ते तितक्याच गंभीरपणे सांगितलं.

तेल नाही. पाणीही नाही. धुतल्यावर शेंगांना राहिलं असेल तेवढंच. शेवटी मडक्याच्या तोंडाशी भांबुर्डी कोंबायची, अगदी गुडघा देऊन. उपडं केलं तर एक पान खाली पडता कामा नये.

आणि मग ते उपडं करतात.

इथे सगळी मेख आहे. वाफ नेहमी वर जाते. मडकं सुलटं ठेवलं तर ती तोंडातून निघून जाईल, आणि आत उरेल ते करपेल. उपड्या मडक्यात वर जाऊन तिला भेटतं ते बूड. शेंगांचं आणि पाल्याचं पाणी वाफ होऊन तिथे अडतं, फिरतं, पुन्हा शेंगांत मुरतं. खाली कोंबलेला पाला बुचासारखा बसतो, आणि तापला की आपला वास आत सोडत राहतो. झाकण आणि मसाला, दोन्ही कामं एका तणाकडे.

[दृश्य: पहिली काडी. पेंढा पेटतो.]

जाळाचंही शास्त्र आहे, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पेंढा भसकन पेटतो आणि तसाच विझतो. त्याचं काम सुरुवात करून देण्यापुरतं. धग धरतात त्या गोवऱ्या. मधली मजल मारतात काटक्या, झावळ्या, नारळाची सोडणं. मडक्याच्या चारी बाजूंनी आणि डोक्यावर सारखं रचलं पाहिजे. एका अंगाला जाळ जास्त झाला तर त्या बाजूच्या शेंगा काळ्या, आणि दुसऱ्या बाजूच्या रडतात. वारा सुटला असेल तर घरातली कुडाची झापं आडोशाला येतात. भोवतालचं वाळकं गवत आधीच झाडून दूर केलेलं असतं आणि पाण्याची कळशी हाताशी.

अर्धा तास ते पाऊण तास. या वेळात करण्यासारखं काहीही नसतं, आणि खरी पोपटी तीच. दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकात कुणीतरी ढवळत असतं, चाखत असतं, मीठ कमी आहे म्हणत असतं. इथे मडकं मिटलेलं आहे. ते तापलेलं आहे, उपडं आहे आणि आगीत आहे. सुगरण असो की नवखा, आत काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही. मग माणसं बोलतात. कुणाची जमीन गेली, कुणाच्या मुलाचं जमलं, मुंबईची पहिली बोट हल्ली किती वाजता सुटते. या आगीभोवती रायगडात कविसंमेलनंही भरतात, पोपटी कविसंमेलन म्हणूनच. शेंगा शिजेपर्यंत श्रोते हलत नाहीत, ही सोय कवींनी बरोबर हेरली आहे.

[दृश्य: विस्तवाचा क्लोजअप. आवाज फक्त तडतडीचा.]

सोलापूर-नगरकडे हिवाळ्यात हुरड्याची आगटी पेटते. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर, त्यात ज्वारीची कणसं. तिथे सगळा कारभार उघड्यावर. कणीस फिरवा, बघा, चोळा, खा. उलट पोपटीची सख्खी बहीण सापडते ती वलसाडकडे, दक्षिण गुजरातेत. तिथल्या उबाडियूत पापडी, कंद, रताळी आणि हिरवा मसाला, पण मडकं असंच पाल्यानं भरलेलं आणि उपडं.

[दृश्य: काका उठतात. हातात पाण्याचा तांब्या.]

झालं की नाही, हे कळतं कसं? आधी वासावरून. सुरुवातीला नुसता धूर येतो, मग भांबुर्डीचा उग्र वास, आणि मग तो उग्रपणा मोडून एक गोडसर, उकडलेल्या शेंगेचा वास वर येतो. तो आला, की काका विस्तव बाजूला सारतात आणि बुडावर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब चर्र करून त्याच क्षणी उडाले पाहिजेत. ते रेंगाळले, फेसाळत राहिले, तर अजून थांबायचं.

आम्ही थांबलो नव्हतो. पहिल्या रात्री या वाडीत नाही, दुसरीकडे, आम्हीच एक पोपटी लावली होती. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. थेंब रेंगाळत असतानाच मडकं सुलटं केलं. वरच्या शेंगा बऱ्या, मधल्या कच्च्या, अंडं फोडलं तर ओघळलं. पुन्हा पाला कोंबून आगीत ठेवलं, पण एकदा निघालेली वाफ परत येत नाही. पाल्याच्या फटीतून आत धूर शिरला. त्या शेंगा आम्ही खाल्ल्या. चित्रीकरण मात्र वापरलेलं नाही.

[दृश्य: थेंब. चर्र.]

"जालं," काका म्हणतात.

ओल्या गोणपाटानं धरून मडकं बाहेर येतं. तोंडाचा पाला उपसला, की वाफेचा लोट, आणि त्यामागे केळीच्या पानावर ओतलेला ढीग. शेंगांचा हिरवा रंग मळकट झालाय, काही सालींवर काळे डाग. शेंग टोकाला धरायची, दातांत ओढायची, दाणे तोंडात, साल हातात. साल मीठ-ओव्याची असते, म्हणून ती टाकण्याआधी एकदा चोखायचीही. अंड्याला पाल्याचा वास लागलेला असतो, तो आवडायला एखाद-दुसरा हिवाळा जावा लागतो. कोंबडीचं पान सगळ्यात शेवटी सुटतं.

आता कुणी बोलत नाही. अर्धा तास चाललेली सगळी चर्चा जिथल्या तिथे थांबली आहे.

अलीकडे वाल कमी झालाय. भातानंतर मोकाट गुरं सोडली जातात, मग एकट्यानं वाल पेरून राखण कोण करणार? काही खाचरांवर घरं उभी राहिली. त्या घरांच्या हिरवळीवरही शनिवारी पोपटी लागते, शेंगा, मडकं आणि पाला बाहेरून मागवून. तिथली शेंगही गोडच लागते, खोटं का बोला.

[दृश्य: सकाळ. परसात राखेचं वर्तुळ.]

सालींचा ढीग म्हशीपुढे पडलाय. मडकं काळं झालंय, पण तडकलेलं नाही. काकी ते राखेनंच घासून पालथं घालतात, पुढच्या शनिवारसाठी.