रस्ता नकाशावर येण्याआधी

मंडळी, वाहतूक नियोजनात लोकांचा सहभाग म्हटला की आपल्याकडे वर्तमानपत्रातली जाहीर सूचना डोळ्यांपुढे येते. अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना पाठवा, असं तिच्यात लिहिलेलं असतं. ही मुदत महत्त्वाची आहेच. पण ती सुरू होईपर्यंत सगळ्यांत मोठा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि माझा आग्रह त्या आधीच्या निर्णयात शिरण्याचा आहे.

कायद्याने काय मिळतं ते आधी पाहू. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम ‘३ए’ची अधिसूचना निघाली की कलम ‘३सी’प्रमाणे २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते, तीही त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच. ती ऐकतात सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांतसाहेब. गट नंबर चुकलाय, विहीर जातेय, हे ते ऐकतील. हा रस्ता हवाच का, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर येतच नाही. १९६६च्या नगररचना अधिनियमात प्रादेशिक योजनेला किमान चार महिने मिळतात, शहराच्या विकास आराखड्याला ३० दिवस. तिथे आवाज मोठा असेल तर परिणाम होतो. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झाला आणि हरकतींच्या रेट्याने एप्रिलमध्येच तो नव्याने करायला सांगावा लागला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले गेले होते, आणि ते रहिवाशांनी नकाशा घरी पसरून शोधून काढले.

पण रस्ता की रेल्वे, उड्डाणपूल की जादा बस, हे ठरतं सर्वंकष वाहतूक आराखड्यात, म्हणजे पूर्ण शहराच्या किंवा प्रदेशाच्या सगळ्या वाहतुकीचा एकत्र विचार करणाऱ्या आराखड्यात. २०१७च्या मेट्रो धोरणानुसार मेट्रोच्या प्रस्तावाआधी हा आराखडा लागतोच. तो करताना लोकांशी चर्चा करावी असं मार्गदर्शक सूचनांत आहे; सुनावणीचा हक्क मात्र कायद्याने दिलेला नाही. म्हणून त्याचं पोट उघडून बघायला शिकलं पाहिजे.

प्रदेशाचे शेकडो विभाग पाडतात. निवडक घरांत जाऊन काल कोण कुठे, कशाने गेलं ते फॉर्मवर भरून घेतात. त्यावरून कुठून किती फेऱ्या निघतात, कुठे जातात, कोणत्या वाहनाने जातात आणि कोणत्या रस्त्यावर येतात, हे चार टप्प्यांत गणित करून काढतात. मग पुलांवर, नाक्यांवर प्रत्यक्ष वाहनं मोजून ते गणित ताडून बघतात. चुका फॉर्मपासूनच सुरू होतात. बाई मुलाला शाळेत सोडते, दळण टाकते, मग स्टेशन गाठते. फॉर्मवर उरतं ‘घर ते स्टेशन’. पायी फेऱ्या तर घाईत लिहिल्याच जात नाहीत. एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, याच्या २००८च्या अभ्यासात त्या नीट मोजल्या, तेव्हा मुंबई महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी निघाल्या. हा आकडा पुढे ठेवून विचारा, आमच्या आराखड्यात पादचाऱ्यांसाठी किती टक्के खर्च धरलाय?

चुकण्याची दुसरी जागा आहे ‘पीसीयू’ची, म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’ची; यात प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते धरतात. भारतीय रस्ता परिषदेच्या १९९०च्या मानकात शहरी रस्त्यावर कार १, दुचाकी ०.५ ते ०.७५ आणि बस २.२ ते ३.७ धरतात. रस्त्यावर कोण किती जागा अडवतं, याचं हे माप आहे. त्यासाठी ते योग्यच. पण कोष्टक तिथेच थांबलं तर ५० माणसं नेणारी बस कागदावर तीन गाड्यांची अडचण ठरते, आणि उत्तर येतं रस्ता रुंद करा. म्हणून प्रत्येक मोजणीशेजारी माणसांचा रकाना मागा.

तो रकाना तुम्ही स्वतः भरू शकता. नाक्यावर प्रत्येक दिशेला दोघं उभे राहा, एकाने वाहनं मोजायची, दुसऱ्याने आतली माणसं. सकाळी आठ ते अकरा, दर १५ मिनिटांना नवी ओळ. वार, हवामान, आठवडी बाजार आहे का, हे वर लिहा. मे महिन्यात किंवा गणपतीत मोजू नका. शाळा बंद असताना केलेली मोजणी अधिकारी सहज बाजूला सारतात, आणि त्यांनी तशी केली असेल तर तीच तुमची पहिली हरकत.

माहिती अधिकाराचा अर्ज वाहतूक आराखडा तयार होत असतानाच टाका. उत्तराची मुदत ३० दिवस आणि महामार्गाची हरकत २१ दिवसांत. सूचना निघाल्यावर अर्ज केलात तर कागद हातात येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. विभागांचा नकाशा, घरोघरच्या पाहणीचा कोरा फॉर्म, मोजणीची ठिकाणं व तारखा, गणित आणि मोजणी यांच्यातली तफावत, तपासलेले पर्याय, असं नेमकं मागा.

हरकत लिहिताना एका अर्जात एकच मुद्दा. नकाशाचा शीट क्रमांक, गट किंवा सर्व्हे नंबर, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर), आणि पर्याय असेल तर त्याच नकाशाच्या प्रतीवर लाल रेघेने आखलेला. एकाच मजकुराच्या हजार छापील अर्जांचा गठ्ठा होतो आणि त्याला एकच उत्तर मिळतं. तीस वेगळे, मोजणी जोडलेले अर्ज प्रत्येकी उत्तर मागतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पर्यावरणविषयक जनसुनावणी असेल तर तिचं इतिवृत्त स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवणं आणि चित्रीकरण करणं २००६च्या अधिसूचनेने बंधनकारक आहे. भाषणं संपली की लोक उठून जातात. निदान चौघांनी वाचन होईपर्यंत थांबा, आपला मुद्दा आला का ते टिपा, आणि गाळला असेल तर सही होण्याआधी तो लिहून घ्यायला लावा.