सात वाजता वाजणारा भोंगा

नमस्कार श्रोतेहो.

आज मोबाइल आणि मन यांच्याविषयी बोलायचं आहे. मोबाइलने झोप उडते, चिडचिड वाढते, मुलांचं लक्ष लागत नाही, हे तुम्ही घरोघरी बघताच आहात. ते पुन्हा उगाळत नाही. मला सांगायचंय ते एवढंच: मोबाइल एकट्याने खाली ठेवणं फार अवघड असतं आणि सगळ्यांनी एकाच वेळी खाली ठेवला तर ते काम पुष्कळ हलकं होतं. एकट्याने अवघड, सगळ्यांनी मिळून हलकं. हे कसं घडतं ते बघायला आपण सांगली जिल्ह्यात जाऊ.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. उसाचा पट्टा, लोकवस्ती साधारण 3,000. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले, हे तिथेही झालं आणि तुमच्या-आमच्या घरीही झालं. ज्या आईबापांनी तोवर पोराच्या हाती फोन लागू दिला नव्हता, त्यांनी उसनवारी करून फोन आणला, कारण अभ्यास त्यातच होता. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र हातातून सुटला नाही. मुलं लिहायला-वाचायला कंटाळतात, शाळेच्या आधी फोन, शाळा सुटल्यावर फोन, असं शिक्षक सांगू लागले.

त्यात एक अडचण अशी होती, जी शहरात स्वतंत्र खोल्यांच्या घरात राहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. गावातल्या बहुतेक घरांत अभ्यासाची वेगळी खोली नव्हती. एकाच खोलीत टीव्ही, तिथेच जेवणाची पंगत, तिथेच दप्तर. मोठ्यांची मालिका सुरू असताना आठवीतल्या पोराने गणितं सोडवायची तरी कुठे? मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. मालिका बघायची, नाहीतर कोपऱ्यात बसून फोन बघायचा. आपण मुलाला दोष देतो आणि खोलीत काय चाललंय ते मोजत नाही.

गावचे सरपंच विजय मोहिते यांनी सुचवलं, की रोज संध्याकाळी ठरावीक वेळ गावातले सगळे टीव्ही आणि सगळे मोबाइल बंद ठेवू आणि त्याची खूण म्हणून भोंगा वाजवू. पुरुषमंडळींना आधी हसू आलं. भोंगा वाजवून कुणाचा मोबाइल सुटतो का, असंच कुणालाही वाटेल. मग विषय बायकांपुढे गेला. बायकांनी मोकळेपणाने कबूल केलं, की आमचंही मालिका बघणं फार होतंय. 14 ऑगस्ट 2022 ला महिलांच्या सभेत निर्णय झाला आणि भोंगा विकत घ्यायचं ठरलं.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोलतेच. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं आपल्या कायद्यात आहे. किती गावांत ती खरोखर भरते? पुष्कळ ठिकाणी नोंदवहीवर सह्या फिरवून आणतात आणि सभा झाली म्हणतात. घरात कोण किती वाजता काय बघतं, पोरगं कधी जेवतं, कधी झोपतं, हे ज्यांना मिनिटावर माहीत असतं त्यांनाच विचारायचं नाही, मग गावाचे निर्णय टिकणार कसे? वडगावचा निर्णय टिकला याचं निम्मं श्रेय मी त्या सभेला देते. असो.

तर व्यवस्था अशी. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मुलं वह्या-पुस्तकं उघडतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात, आपली कामं करतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि वेळ संपते. दीड तास. फक्त दीड तास.

आता नुसता भोंगा बसवला आणि गाव सुधारलं, असं झालेलं नाही, हे नीट ऐका. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले. का बंद ठेवायचं ते समजावून सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत भोंगा झाल्यावरही माणसं गावात फिरत होती, कारण सवय अशी एका आवाजाने मोडत नाही. दार वाजवायचं, टीव्ही सुरू असेल तर बंद करायला सांगायचं, पुढच्या दाराशी जायचं. पुढे बातमीदार गावात आले तेव्हा आईबापांनी त्यांना सांगितलं, की मुलं आता अभ्यासाला बसतात आणि घरात बोलणं होतं.

यातलं काय कामी आलं? मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, आवाज घराबाहेरून येतो. "ठेव तो फोन" हे आईने म्हटलं की भांडण आई आणि मुलात होतं. भोंगा वाजला की भांडायला समोर कुणी नसतं. दुसरी, नियम मोठ्यांनाही आहे. बाप फोनवर बोट फिरवत मुलाला अभ्यासाला बस म्हणतो, तेव्हा मूल बोलणं ऐकत नाही, बोट बघतं. तिसरी, वेळ आटोपशीर आहे. दिवसभर फोन बंद असा नियम दोन दिवसांत मोडतो, दीड तासाचा शेवट मात्र नजरेच्या टप्प्यात असतो.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात मोठी. त्या दीड तासात आपलं काहीच हुकत नाही. तुमच्या मुलीने एकटीने सात वाजता फोन ठेवला आणि तिच्या वर्गाच्या ग्रुपवर गप्पा रंगल्या, तर तिचा जीव तिकडेच राहणार. पुस्तक समोर असेल, मन ग्रुपवर असेल. ग्रुपमधले सगळेच फोन खाली असतील तर हुकण्यासारखं उरतंच काय? पुन्हा सांगते, सगळेच बंद असले की काही हुकत नाही.

ही गोष्ट पैशांतही मोजलेली आहे. शिकागो विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 2023 साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? उत्तर सरासरी 59 डॉलर आलं. मग विचारलं, की तुमच्या कॉलेजमधल्या सगळ्यांचंच बंद झालं तर? तेव्हा मुलं उलट पदरचे 28 डॉलर द्यायला तयार झाली. म्हणजे मनातून त्यांना ते नकोच होतं, फक्त आपण एकटे मागे राहू ही धास्ती होती. टिकटॉकवर आपल्याकडे 2020 पासून बंदी आहे, पण रील्स आणि शॉर्ट्सच्या बाबतीतही एकटं मागे राहण्याची हीच धास्ती असते. वडगावच्या बायकांनी हे 2022 साली, कुठलाही प्रबंध न वाचता ओळखलं. वडगावासारखा उपक्रम सांगली जिल्ह्यात इतरत्रही झाला आणि 2024 च्या अखेरीस बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी भोंगा सुरू केला.

फोन सुटत का नाही, हे थोडक्यात सांगते. पूर्वी वेबपानाच्या तळाशी "पुढचं पान" असं बटण असायचं. तिथे पोचलं की डोकं क्षणभर थांबायचं, पुरे म्हणायचं. 2006 च्या सुमारास अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने न संपणारं पान तयार केलं, बोट फिरवत राहिलं की खालून नवं येतच राहतं. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. थांबायची जागाच काढून टाकली, हे पहिलं. दुसरं म्हणजे बक्षीस केव्हा मिळेल ते ठरलेलं नसतं. गळ टाकून नदीकाठी बसलेला माणूस मासा लागत नाही म्हणून उठत नाही, पुढच्या खेपेला लागेल म्हणून बसून राहतो. दहा रील्स टुकार, अकरावी मजेची. मेंदू त्या अकरावीची वाट बघत राहतो.

आता तुमच्या घरात भोंगा नाही, गावात नाही, सोसायटीत नाही. मग काय करायचं?

वेळ ठरवा, 60 ते 90 मिनिटं, रोज तीच. खूण म्हणून गजराचं साधं घड्याळ वापरा, फोनचा गजर नको. फोनवर गजर लावला की तो बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. घरातले सगळे फोन एकाच जागी, बैठकीच्या खोलीबाहेर, एका बोर्डावर चार्जिंगला लावा. सगळे फोन. आजोबांचासुद्धा.

तातडीचा फोन आला तर, ही काळजी रास्त आहे. फोन बंद करू नका, "डू नॉट डिस्टर्ब" लावा. त्यात निवडक नंबरांना मोकळीक देता येते आणि "रिपीट कॉलर्स" नावाची सोय असते. ती चालू ठेवली की अँड्रॉइड फोनवर त्याच नंबरावरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर घंटी वाजते. खरी निकड असलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच. नातेवाइकांना हे सांगून ठेवा.

बिघडतं कुठे? बहुतेक घरी चौथ्या-पाचव्या दिवशी. मूल रडतं, आदळआपट करतं, आणि आपण कंटाळून फोन देऊन टाकतो. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी दिला, तर मूल शिकतं की अकरा वेळा रडावं लागतं. पुढच्या वेळी ते जास्त रडतं, जास्त वेळ रडतं. म्हणून सुरुवात लहान ठेवा, हवं तर 30 मिनिटांनी करा, पण ठरलेली 30 मिनिटं मोडू नका. आरडाओरडा आधी वाढतो, मग उतरतो. वाढतो तेव्हा माघार घेऊ नका.

दुसरं, ती वेळ रिकामी ठेवू नका. शेंगा सोलायच्या, भाजी निवडायची, पत्ते, कॅरम, मोठ्याने वाचन, काहीही, पण सात वाजायच्या आधी समोर काढून ठेवलेलं. रिकाम्या हाताला फोनच आठवतो.

आणि शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवू नका. वहीत लिहून द्या. एकीकडे पालकसभेत मोबाइल कमी करा म्हणायचं आणि दुसरीकडे उद्याचं वेळापत्रक ग्रुपवर टाकायचं, यात कोंडी आईची होते. गावच्या वाचनालयांबद्दलही हेच म्हणणं. मुलं शाळेतून येऊन मोकळी होतात त्या वेळी वाचनालयाला कुलूप असेल, तर मुलांनी जायचं कुठे?

फोनमध्ये दोन बदल आजच करा. युट्यूबमधली "वॉच हिस्टरी" बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग पहिल्या पानावर शिफारशींची रांग लागत नाही, जे हवं ते नाव टाकून शोधावं लागतं. शोधून एक व्हिडिओ बघणं वेगळं आणि समोर येईल ते बघत बसणं वेगळं. दुसरा बदल, नोटिफिकेशन्स. माणसांनी पाठवलेले निरोप चालू ठेवा, ॲपने स्वतःहून पाठवलेले सगळे बंद करा. ॲपला वेळेची मर्यादा लावण्याची सोय फोनमध्ये आहे, पण मोठ्यांच्या बाबतीत तिच्यावर मी विसंबणार नाही. मर्यादा ज्या बोटाने लावली त्याच बोटाने ती अर्ध्या मिनिटात उठवता येते. लहान मुलांच्या फोनवर "फॅमिली लिंक" हे गुगलचं ॲप लावून मर्यादेची किल्ली आईबापांकडे ठेवली, तर उपयोग होतो.

रात्रीचं एकच सांगते. झोपायच्या खोलीत फोन नको. उदासी, चिडचिड, विसरभोळेपणा यांची सुरुवात पुष्कळदा मोडलेल्या झोपेतून होते. उशाशी फोन असला की दोन वाजता जाग आल्यावर हात तिकडेच जातो. झोपायच्या तासभर आधी तो खोलीबाहेर ठेवा. बाळांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगून ठेवलंय: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. घास भरवताना फोन समोर धरण्याची पद्धत बंद करा. पोट भरलं हे त्या मुलाला कळतच नाही.

हे सगळं घरच्या घरी करण्यापुरतं झालं. काही वेळा प्रकरण याच्या पुढे गेलेलं असतं. खेळ किंवा फोन थांबवणं हातात राहिलेलं नाही, जेवण, शाळा, मित्र सगळं मागे पडलंय, नुकसान दिसतंय तरी सुटत नाही, असं महिनोन् महिने चाललं असेल तर त्याला हट्ट समजू नका. गेमिंगच्या अशा अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. मुलगा रात्र रात्र जागत असेल, मुलगी फोन बघून रडत असेल आणि सांगत नसेल, मरणाची भाषा कुणी करत असेल, तर वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या. 14416. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. फोन आईने केला तरी चालतो, शेजाऱ्याने केला तरी चालतो. झोप किती, जेवण किती, शाळा किती दिवस बुडली आणि हे केव्हापासून चाललंय, एवढं कागदावर लिहून जवळ ठेवा, म्हणजे बोलताना अडखळायला होत नाही.

नमस्कार.