ताळेबंदाची तारीख कुठे ठरते?

(सांगलीत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, कंपनीचे निकाल उशिरा आले की आपण पहिला दोष अकाउंट्स खात्याला देतो. नोंदी राहिल्या असतील, ऑडिटर वेळेवर आला नसेल, असं धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हिशेब खात्यात पुरे होतात, पण तारीख ठरते संचालक मंडळात. तिथे कोण बसलंय, त्यांच्याकडे वेळ किती आहे आणि ताळेबंद त्यांना वाचता येतो का, यावर ती ठरते.

कायद्याचा क्रमच तसा आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 134 प्रमाणे आधी मंडळाने लेखे मंजूर करायचे, मंडळाच्या वतीने सह्या व्हायच्या, आणि मग ते लेखापरीक्षकाकडे अहवालासाठी जायचे. ऑडिटरची सगळी तपासणी झाली असली तरी मंडळाची सभा होईपर्यंत त्याचा अहवाल निघत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या, म्हणजे नोंदणीकृत, कंपनीला सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमानुसार तिमाही निकाल 45 दिवसांत आणि वार्षिक निकाल 60 दिवसांत, म्हणजे 30 मेपर्यंत द्यावे लागतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात निकालांची जी झुंबड उडते ती त्यामुळेच.

आता सदस्यांकडे येऊ. नोंदणीकृत कंपनीच्या लेखापरीक्षण समितीत, म्हणजे मंडळाआधी हिशेब तपासणाऱ्या मंडळाच्याच छोट्या गटात, किमान तीन संचालक लागतात, त्यांतले दोन तृतीयांश स्वतंत्र, म्हणजे मालकांशी किंवा कंपनीशी हितसंबंध नसलेले. गणपूर्तीसाठी दोन स्वतंत्र संचालक हजर हवेतच. समितीत तिघेच असतील आणि त्यांतले दोघेच स्वतंत्र असतील, तर त्या दोघांपैकी एकाच्या गैरहजेरीने सभा लांबणीवर पडते. आपल्या भागातल्या कंपन्यांचे स्वतंत्र संचालक बहुधा पुण्या-मुंबईचे. करोनाआधी वार्षिक लेखे मंजूर करणारी सभा केवळ व्हिडिओवर घेता येत नसे. 2020 मध्ये तात्पुरती सवलत मिळाली आणि जून 2021 मध्ये ती बंदीच नियमांतून काढून टाकली. प्रवासाची अडचण त्यामुळे संपली. कागद न वाचता येणाऱ्या सदस्याची अडचण मात्र आहे तिथेच आहे. एका माणसाला सात नोंदणीकृत कंपन्यांपर्यंत संचालक राहता येतं. सातही कंपन्यांचं वर्ष 31 मार्चलाच संपतं, आणि सातही अजेंडे मे महिन्यात एकदमच घरी येऊन पडतात. तो माणूस कितीही हुशार असला, तरी तीनतीनशे पानं वाचणार कधी?

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कुपवाड एमआयडीसीतली, शेअर बाजारात नोंदलेली एक फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे तिची मोठी येणी सात-आठ महिने अडकली आहेत. ऑडिटर म्हणतो, बुडीत धरून तरतूद करा, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून आधीच वजा करा. मालक म्हणतात, माणूस जुना आहे, पैसे येतील. तरतूद केली तर नफा निम्म्यावर येतो. हिशेब समजणारा एखादा सदस्य समितीत असेल, तर तो डिसेंबर तिमाहीचे आकडे पाहतानाच, म्हणजे फेब्रुवारीत, थकीत येण्यांची यादी मागवतो. गिऱ्हाइकाकडून बाकी मान्य असल्याचं लेखी पत्र आणायला सांगतो. एप्रिलपर्यंत पत्र तरी येतं, किंवा ते येणार नाही हे तरी कळतं, आणि तरतुदीचा निर्णय होऊन जातो. तसा सदस्य नसेल, तर हाच वाद 29 मेला पहिल्यांदा टेबलावर येतो. मग दोनच वाटा उरतात. एक तर मुदत चुकवायची, नाहीतर ऑडिटरवर दबाव आणून आकडा रेटायचा. दुसरी वाट जास्त घातक, कारण बाहेरच्याला ती दिसतच नाही. तिथे निकाल अगदी वेळेवर आलेला असतो.

म्हणून निकाल लवकर आला म्हणजे मंडळ चांगलं, असं मी म्हणणार नाही. मालकाचे भाऊ, मेहुणे आणि मित्र यांचं मंडळ सर्वांत झटपट सह्या करतं. उलट, एखादा स्वतंत्र संचालक मालकाच्या घरच्याच दुसऱ्या फर्मशी झालेल्या व्यवहारांचे दर विचारतो आणि सभा आठवडाभर लांबते. तो उशीर मला मान्य आहे. स्वतंत्र सदस्य वाढवले की अहवाल लवकर येतात का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लेखाज्ञान असलेला सदस्य समितीत असला की विलंब घटतो, असं मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसतं. चेंबर्स आणि पेनमन या अभ्यासकांनी 1984 मध्येच दाखवलं होतं, की अपेक्षेपेक्षा उशिरा येणाऱ्या निकालांत बहुधा वाईट बातमी असते. बाजाराला हे ठाऊक असतं. मंडळ गप्प राहिलं तरी बाजार त्यातून अर्थ काढतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत, त्यांच्याबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचं आहे. नवरा-बायको दोघंच संचालक. मंडळाची सभा कागदावर. बँकेला सीसी लिमिटच्या (खेळत्या भांडवलाच्या कर्जमर्यादेच्या) नूतनीकरणासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, ताळेबंद द्यायचा, आणि खरा ताळेबंद सप्टेंबरच्या अखेरीला, सर्वसाधारण सभेची मुदत संपता संपता उभा करायचा. सभेनंतर 30 दिवसांत लेखे सरकारच्या कंपनी निबंधकाकडे दाखल करायचे असतात. ते राहिले तर दर दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढतं. पैशांचं एक वेळ सोडा. सलग तीन वर्षं लेखे किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल झालं नाही, तर कलम 164 खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो. 2017 मध्ये देशभरात तीन लाखांच्या आसपास संचालक असे अपात्र ठरले. नावापुरतं संचालक केलेली घरची माणसंही यातून सुटत नाहीत. घरातल्या कुणाची सही घेत असाल, तर आधी तिला किंवा त्याला ताळेबंद समोर बसवून समजावून सांगा. संचालक म्हणून जबाबदारी त्यांचीही तितकीच आहे, आणि दर तिमाहीला एक तास हिशेबाला बसायची सवय लागली, की सप्टेंबरची धावपळ आपोआप कमी होते.

विद्यार्थ्यांनी एक करावं. कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. किर्लोस्करवाडीत कारखाना असलेली किर्लोस्कर ब्रदर्स आपल्याच जिल्ह्यातली आहे, तिच्यापासून सुरुवात करा. त्यात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, म्हणजे कंपनीचा कारभार कसा चालतो याचा, विभाग असतो. मंडळाच्या आणि लेखापरीक्षण समितीच्या सभांच्या तारखा, कोण हजर होतं, कोण नव्हतं, प्रत्येक सदस्य आणखी किती कंपन्यांवर आहे, सगळं तिथे छापलेलं असतं. समितीची सभा आणि मंडळाची सभा वर्षभर एकाच दिवशी होत असतील तर पेन्सिलीने खूण करा, कारण मग समितीला प्रश्न विचारायला वेळ फारसा उरत नाही, आणि निकाल कोणत्या तारखेला जाहीर झाला ते शेजारी लिहा. अशा पाच कंपन्यांचे तीन-तीन वर्षांचे अहवाल घेऊन बसा. मग प्रश्न घेऊन या, आपण त्यावर पुढच्या वेळी बोलू.