कूलर बंद करून ऐकलेली गिटार

मार्च सरता सरता नागपुरात खिडक्यांना कूलर लागतात आणि पाऊस येईपर्यंत घरातले सगळे बोलणे त्या घरघरीवर मात करतच होते. धरमपेठेतल्या या जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मात्र आज संध्याकाळी यजमानांनी स्वतः उठून कूलर बंद केला आहे, पाठोपाठ पंखाही थांबवला आहे, आणि चाळीसेक श्रोते कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत स्पॅनिश गिटारीच्या मैफलीची वाट पाहत आहेत. ध्वनिवर्धक लावलेला नाही, आणि तो मुद्दामच लावलेला नाही.

या वाद्याचा आवाज मुळातच लहान. त्याला आजचे रूप दिले ते स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने गिटारीचे अंग मोठे केले, वरची तबली, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. आवाज घडतो तो तबलीत, यावर त्याचा इतका भरवसा होता की १८६२ मध्ये त्याने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. आज समोर असलेल्या गिटारीची पाठ शिसवीची आहे, म्हणजे लाकूड आपल्याकडचेच.

वादक डावा पाय लहानशा स्टुलावर टेकवून बसतात. गिटारीच्या पेटीत ओलसर स्पंजचा तुकडा ठेवलेला दिसतो, कारण विदर्भातल्या कोरड्या हवेत पातळ तबलीला चीर जायला वेळ लागत नाही. नायलॉनच्या तारा उकाड्याने उतरतात, त्या पुन्हा पुन्हा चढवाव्या लागतात, आणि तंबोरा लागेपर्यंत बसून राहण्याची सवय असलेले नागपूरकर श्रोते इथेही चुळबुळ करत नाहीत.

पहिली रचना स्पॅनिश संगीतकार फ्रान्सिस्को तारेगा यांची, ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींची. अंगठा खालचे सूर छेडतो आणि लगेच अनामिका, मध्यमा व तर्जनी एकामागून एक वरच्या सुराची एकच तार छेडतात. हे इतक्या सारख्या वेगाने चालते की तुटक आघातांऐवजी कानांना एक अखंड, किंचित थरथरता स्वर ऐकू येतो. सतारीचा ‘झाला’, म्हणजे वादनाच्या अखेरचा द्रुत भाग, आठवतो खरा, पण झाला लय वाढवत शिगेला जातो आणि ही चाल आरंभापासून अखेरपर्यंत जवळपास एकाच गतीने वाहते. उत्तरार्धात कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांचा हात दाद द्यायला उचलला जातो, आणि एवढ्याशा आवाजावर आपला ‘वा’ पडेल या धास्तीने तो तसाच गुडघ्यावर परततो. मैफलीचा तो क्षण आम्हाला गिटारीइतकाच मोलाचा वाटला.

पुढची रचना स्पॅनिश संगीतकार आल्बेनिथ यांची ‘आस्तुरियास’. ती मुळात पियानोसाठी लिहिलेली. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा पावसाळी प्रदेश, तर हे संगीत आहे दक्षिणेतल्या आंदालुसियाच्या वळणाचे, कारण हे नाव संगीतकाराच्या मृत्यूनंतर प्रकाशकाने दिले. एवढी माहिती सांगून वादक पुन्हा तारा तपासतात. यजमान कूलरच्या बटणाकडे पाहतात, तोच मागून आवाज येतो, “राहू द्या हो, भाऊसाहेब.” मग पहिले सूर अगदी हलके उमटतात आणि वारा घेणाऱ्या पत्रिका एकेक करून मांडीवर थांबतात.