पहिल्यांदा वकिलाकडे जाताना

नमस्कार श्रोतेहो. घटस्फोटाचं मनात आलं की माणूस आधी दहा नातेवाइकांना विचारतो आणि पार गोंधळून वकिलाच्या दारात येतो. म्हणून आज त्या पहिल्या भेटीबद्दल बोलते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तारखा लिहून न्या, कागद सोबत न्या.

मागे एक मुलगी माझ्याकडे आली होती, सोबत आई, मामा आणि मामी. मी विचारलं, "लग्न कधी झालं?" उत्तर दिलं मामांनी. "माहेरी कधी आलीस?" उत्तर दिलं मामींनी. मुलगी ओढणीचं टोक पिळत बसलेली. शेवटी मी म्हटलं, "मामा, तुम्ही सगळे खाली चहा घेऊन या. मला हिच्याशी बोलू द्या." दार लागलं तशी ती म्हणाली, "मॅडम, मला भांडायचं नाही. माझे दागिने सासूबाईंच्या कपाटात आहेत, तेवढे मिळतील का?" काय काय होतं, विचारलं, तर तिला नीट आठवेना.

आई वर आल्या आणि त्यांनी पिशवीतून आहेराची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं. कुणी किती पाकीट दिलं ते सगळं होतंच, पण शेवटच्या पानांवर पाटल्या, मोहनमाळ, नथ, तोडे, वजनासकट मांडलेले आणि सराफाच्या पावत्या टाचून लावलेल्या! लग्नाचा अल्बम शेजारी ठेवून आम्ही एकेक दागिना फोटोत शोधला आणि यादी करून नोटीस धाडली. समोरचे आधी म्हणत होते, "काही घातलंच नव्हतं." यादी पाहिल्यावर बोलणं बदललं. मध्यस्थीच्या खोलीत टेबलावर रुमाल पसरून दागिने मोजून घेतले. आई वहीत एकेका नोंदीपुढे खूण करत होत्या. स्त्रीधन बाईचंच, सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केलंय. पण काय होतं, ते दाखवता आलं पाहिजे.

अशी वही घराघरांत लिहिली जावी, असं मला फार वाटतं. आणि लग्नाची नोंदणीही. हॉल वर्षभर आधी ठरतो, पण विवाह नोंदणी कार्यालयात जायला कुणाला सवड नसते. नवीन जोडप्यांनी ते काम पहिल्या महिन्यातच उरकावं.

तर कागद म्हणजे लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या स्लिपा, बँकेची पासबुकं, कर्जाचे कागद. पोटगीचा प्रश्न आला की दोघांनाही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, 2020 पासून तसा दंडकच आहे. फोनमधले मेसेज पुसू नका. तारखा म्हणजे लग्नाची आणि वेगळे राहू लागलात ती. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने अर्ज करायला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावं लागतं, ते योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, 2017 च्या निकालापासून.

पुन्हा सांगते, तारखा आणि कागद. आणि वकिलाशी एकट्याने बोला. स्वतःची चूक असेल तर तीही सांगा, तुमचं बोलणं वकिलाने गुप्त ठेवायचं असतं, कायद्याने. फी किती, कोणत्या टप्प्यावर, तेही त्याच दिवशी विचारा. फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नमस्कार.