आर्मीत गेलेली पोर

नमस्कार, श्रोतेहो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अमळनेरजवळच्या आमच्या गावी माझी आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, तेव्हा सातवीत होती. ती घरातून पळत आली आणि म्हणाली, "आजी, मी आर्मीत गेले!" आईच्या हातातलं सूप थांबलं. आमच्या भागातली कितीतरी पोरं फौजेत आहेत, आईचा सख्खा भाचाही आहे. तिनं नातीला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तू? तू कव्हय भरती व्हयनी वं?"

पोरीची आर्मी निराळी होती. दक्षिण कोरियात बीटीएस नावाचा सात तरुणांचा गाण्या-नाचाचा संच आहे. १३ जून २०१३ रोजी तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी त्यांच्या चाहत्यांना 'आर्मी' हे नाव मिळालं. जगभर पसरलेल्या त्या आर्मीत आमच्या घरातलंही एक माणूस दाखल झालं होतं.

सुरुवात टाळेबंदीत झाली. शाळा बंद, घरात चांगला मोबाइल एकच, तोही माझ्या भावाचा. २१ ऑगस्ट २०२० ला बीटीएसचं नवं गाणं येणार होतं, कोरियात दुपारी एक वाजता. कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेनऊ. नेमकी भावाची शेतात निघायची वेळ! त्या दिवशी तो मोबाइल घरी ठेवून गेला. तेच गाणं पुढं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कोरियातल्या कुठल्याही संचाला ते आधी जमलं नव्हतं. दिवेलागणीला ही बातमी तिनं आम्हाला अशी सांगितली, की जणू आमच्याच कपाशीला बक्षीस लागलं.

माझे थोरले काका आठवतात मला. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागायची. काका रेडिओला कान लावून बसायचे, मांडीवर वही. कोणतं गाणं कितव्या पायरीवर, मागच्या आठवड्यात कितव्या होतं, सगळं टिपून ठेवायचे. अमीन सयानींचा आवाज सुरू झाला की घरात कुणी ताटसुद्धा वाजवायचं नाही. तेव्हा गावोगावी श्रोता संघ होते. ते आपली पसंती पत्रानं कळवायचे आणि गाण्यांची पायरी ठरवताना त्या पत्रांनाही मोल असायचं. माझ्या भाचीची वही मी पाहिली तेव्हा मला काकांची वही दिसली. तशाच उभ्या रेघा, तसेच आकडे. म्हणून कुणी तिला "येडी झाली का?" म्हटलं, की मला ते लागतं.

तिच्या वहीत आणखी एक गोष्ट होती. मागच्या पानांवर गोल, चौकोन, आडव्या-उभ्या रेघा. मला वाटलं, नक्षी काढलीय. ती कोरियन लिपी होती. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती घडवली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी खुली केली. चिनी अक्षरं शिकणं ज्यांना परवडत नव्हतं, त्या साध्या माणसांना लिहिता-वाचता यावं म्हणून. आज तिची मूळ अक्षरं चोवीस. पोरीनं ती काही दिवसांत गिरवली, शिकवणी नाही की पुस्तक नाही.

मी मराठीची शिक्षिका. मला खरी मौज पुढं आली. ती एकदा म्हणाली, "फुई, यांचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं." खरंच! 'मी भात खाते' हे कोरियनमध्ये त्याच क्रमानं म्हणतात. आपण 'घरात', 'घराला' म्हणतो, तसे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागं चिकटतात. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं. आणि वडिलांना ते 'आप्पा' म्हणतात! माझ्या वडिलांना सारं गाव आप्पा म्हणतं. एका कोरियन मालिकेतल्या मुलीनं "आप्पा!" अशी हाक मारली आणि आमचे आप्पा पलीकडच्या खोलीतून "काय वं?" म्हणाले. हा निव्वळ योगायोग, पण त्या दिवसापासून आप्पाही मालिकेला बसू लागले. वर्गात वर्षानुवर्षं विभक्तिप्रत्यय शिकवताना कुणाच्या डोळ्यांत असा आनंद मी पाहिला नव्हता.

आता मोबाइलवरच्या तिच्या आर्मीतल्या मैत्रिणींच्या गटाबद्दल. त्यात इंफाळची मुलगी आहे, मनिलाची आहे, नागपूरची आहे. वयानं मोठी असेल तिला सगळ्या 'उन्नी' म्हणतात, म्हणजे ताई. कोरियनमध्ये काही आलं की जिला येतं ती इंग्रजीत करते, कुणी हिंदीत, आमची मराठीत. २०१८ मध्ये संचाचा म्होरक्या आरएम संयुक्त राष्ट्रांत बोलला होता, ते भाषण हिनं असंच एका-एका ओळीनं मराठीत आणलं. त्यानं सोलजवळच्या इल्सान या आपल्या गावापासून सुरुवात केली होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आमची पोर उभी राहिली, तीही बोरी नदी आणि आपलं गाव यांच्यापासूनच बोलू लागली. नंबर आला नाही. पण पाठ केलेलं न बोलता ती पहिल्यांदाच स्वतःचं बोलली.

एक वाईट अनुभवही सांगते. फोटोकार्ड, म्हणजे संचातल्या कुणाचा फोटो असलेलं छोटं कार्ड, देते म्हणून कुणी अनोळखी मुलीनं तिच्याकडून सहाशे रुपये घेतले आणि नाहीशी झाली. कपाशी वेचून साठवलेले पैसे होते ते. दोन दिवस ती जेवली नाही. घरी सांगायची भीती वाटली, म्हणून आधी गटातल्या उन्नीला सांगितलं. उन्नी म्हणाली, "आधी घरी सांग." तिनं सांगितलं. पालकांनो, पोरीला आपल्याआधी दुसऱ्या कुणाजवळ जावंसं वाटलं, हे मला आजही टोचतं.

मग डिसेंबर २०२२ पासून ते सातही जण एकेक करून लष्करी सेवेत गेले. कोरियात तरुणांना ती सक्तीचीच आहे. आता मात्र माझ्या आईला सगळं समजू लागलं. भाचा फौजेत गेला तेव्हा तिनं जसे दिवस मोजले होते, तसे नात मोजत होती. नववी गेली, दहावी गेली, अकरावी गेली. आई अधूनमधून विचारायची, "सुटी भेटनी का तेसले?" जून २०२५ मध्ये शेवटचा जण घरी आला, तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली.

गेल्या डिसेंबरच्या २९ तारखेला शेतात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या. साडेआठ वाजले आणि पोर उठून उभी राहिली. कोरियात रात्रीचे बारा वाजले होते, ३० तारीख लागली होती. व्हीचा वाढदिवस. सातांतला तो तिचा सर्वांत लाडका. शेतकऱ्याच्या घरचा, आजी-आजोबांकडं वाढलेला.

आई म्हणाली, "तेनी आजी शे का अजून?"

"नाही आजी. २०१६ मध्ये गेली."

आई थोडा वेळ जाळाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तेले भाकर कोन करी देस?"

पोरीनं ते वाक्य होतं तसं, अहिराणीत, गटात लिहिलं आणि खाली इंग्रजीत अर्थ दिला. आम्ही भरीत वाढून घेतलं. तिचा मोबाइल वाजत राहिला. इंफाळच्या मुलीनं तिची आजी काय रांधायची ते लिहिलं होतं, मनिलाच्या मुलीनं तिच्या आजीचं. ती एकेक वाचून अहिराणीत सांगत होती आणि आई विचारत होती, "आनी ती कोठली शे?"